घरच्या घरी चहाची परीक्षा

चहा कोणता चांगला, या प्रश्नावर आपल्याकडे कोणीही अडत नाही. ज्याच्या घरी जी पूड येते ती त्याच्या मते उत्तम. दुसऱ्याच्या घरचा चहा एक तर पाणचट, नाही तर कडू. ही मते इतक्या ठामपणे मांडली जातात की ती कशावरून बनली असे विचारणे जरा उद्धटपणाचेच ठरते. तरी विचारून पाहावे. बहुधा तीन गोष्टी पुढे येतात: पुड्यावरचे नाव, त्याची किंमत आणि कपातला रंग. यांपैकी एकही जिभेचा विषय नाही. जिभेला विचारावयाचे असेल तर कसे विचारावे, एवढाच या पाठाचा विषय आहे. महोत्सवी स्मरणिकेत अहवाल आणि देणगीदारांच्या याद्या असावयाच्याच. त्यांच्या शेजारी एखादा पाठ आला तर वाचक रागावणार नाहीत अशी आशा आहे.

प्रथम वस्तूची ओळख. काळा चहा, हिरवा चहा, पानांचा चहा, दाणेदार चहा ही निरनिराळी झाडे नव्हेत. झाड एकच, त्याच्या मुख्य जाती दोन. चिनी जात लहान पानांची व थंडी सोसणारी, आसामी जात मोठ्या पानांची व उष्ण, दमट हवेत फोफावणारी. आसामात हे झाड रानातच होते आणि सिंगफो लोक त्याचा उपयोग करीत होते. १८२३ साली रॉबर्ट ब्रूस यास ते त्यांच्याकडूनच कळले. दार्जिलिंगला १८४१ मध्ये डॉ. कॅम्पबेल यांनी आपल्या बागेत जी रोपे लावली ती चिनी बियाण्याची. हा जातीचा आणि उंचीचा फरक आजही कपात उतरतो. पाने खुडल्यावर ती सुकवून, चुरगाळून हवेत ठेवली की त्यांतील रसाचा प्राणवायूशी संयोग होऊन ती तांबूस होतात. तो काळा चहा. तसे होऊ न देता पाने आधीच वाफेने किंवा तव्यावर तापवली की तो हिरवा.

आपल्या घरी येतो तो बहुधा दाणेदार चहा. पाने दातेरी रुळांतून चिरडून, फाडून, वळवून त्यांचे बारीक दाणे करण्याचे यंत्र १९३० च्या सुमारास आसामातील अमगुरी मळ्यावर विल्यम मॅकर्चर यांनी सिद्ध केले. या पद्धतीस सी. टी. सी. म्हणतात. भारतात आज होणारा बहुतेक चहा याच पद्धतीचा असतो. दाणा बारीक, म्हणून रंग आणि कस पाण्यात झटपट उतरतो. दुधाच्या चहाला हेच हवे असते.

आता परीक्षेची तयारी. चार प्रकारच्या लहान पुड्या आणाव्यात: आसामचा दाणेदार, निलगिरीचा, दार्जिलिंगचा पानांचा, आणि चौथी आपल्या घरात नेहमी येते ती. दार्जिलिंगचा महाग पडतो. चार शेजाऱ्यांनी मिळून एक पुडी आणली तर कोणालाच जड जाणार नाही. पांढरे, एकाच आकाराचे कप किंवा चिनी मातीच्या वाट्या घ्याव्यात. रंगीत कपात चहाचा रंग फसवा दिसतो. झाकण्यासाठी बशा हव्यात आणि एक घड्याळ.

खरी मेख आहे ती मापात. आपण चहा चमच्याने मोजतो. दाणेदार चहाचा एक चमचा आणि लांब पानांच्या चहाचा एक चमचा यांचे वजन सारखे नसते. पाने फुगलेली असतात, दाणे दडपून बसतात. चमच्याने मोजून ‘दार्जिलिंगला काही दम नाही’ असा निकाल देणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी चहा कमी घातलेला असतो, इतकेच. म्हणून वजनच करावे. घरी बारीक काटा नसेल तर दुकानात प्रत्येक पुडीतून ३० ग्रॅम तोलून घ्यावे आणि घरी कागदावर त्याचे १० सारखे ढीग करावेत. एका ढिगात ३ ग्रॅम येतील.

प्रमाणही मनाने ठरविण्याचे कारण नाही. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने १९८० साली चवीच्या परीक्षेसाठी चहा कसा करावा याचे एक मानकच काढले. त्याचा क्रमांक ३१०३. दर १०० मिलिलिटर पाण्यास २ ग्रॅम चहा, नुकते उकळलेले पाणी, आणि झाकून ६ मिनिटे. म्हणजे आपल्या ३ ग्रॅमच्या ढिगाला १५० मिलिलिटर पाणी लागेल. हे मानक वाचून काही लोक हसतात, कारण असा केलेला चहा कडक होतो आणि तो आवडीने कोणी पिणार नाही. पण ते चांगला चहा करण्यासाठी नाहीच. सारखा चहा करण्यासाठी आहे. गुण आणि दोष दोन्ही उघडे पडावेत म्हणून तो मुद्दाम कडक केलेला असतो.

चारही कपांत एकाच भांड्यातले पाणी एकामागून एक ओतावे, झाकावे, ६ मिनिटांनी गाळावे. गाळलेला चोथा फेकू नये. तो बशीवर उलटा करून गरम असतानाच हुंगावा. आसामच्या चोथ्याचा रंग तांब्याच्या भांड्यासारखा असतो, दार्जिलिंगच्या वसंतातील खुडणीचा हिरवट. मग चहा कोमट होऊ द्यावा, कारण भाजलेल्या जिभेला काही कळत नाही. एक चमचा घेऊन मोठा भुरका मारावा. एरवी भुरक्याबद्दल मुलांना आपण दटावतो. या पाठात परवानगी आहे. कोलकात्याला १८६१ पासून चहाचे लिलाव होत आले, आणि लिलावापूर्वी चव पाहणारे पारखी असाच आवाज करून चहा ओढतात आणि पिकदाणीत थुंकतात. भुरक्याबरोबर हवा आत जाते, चहाचे तुषार होतात आणि सुगंध टाळ्यामागून नाकात चढतो. नाक चिमटीत धरून एक घोट घेऊन पाहावा: कडू आणि तुरट तेवढे राहील, दार्जिलिंग की निलगिरी हे काही केल्या सांगता येणार नाही. ज्याला आपण चव म्हणतो तिचा मोठा भाग वास असतो, हे मुलांना पुस्तकातून सांगण्यापेक्षा असे दाखवावे.

जे जाणवेल ते लगेच वहीत लिहावे, आणि लिहिताना ‘चांगला’ व ‘वाईट’ हे दोन शब्द वर्ज्य करावेत. शब्द आपल्या स्वयंपाकघरातलेच घ्यावेत. तुरटपणा सुपारीसारखा की कच्च्या केळ्यासारखा? वास ओल्या गवताचा, भाजलेल्या दाण्यांचा, की पिकल्या द्राक्षांचा? घोट गिळल्यावर जीभ कोरडी पडते की पाणी सुटते? आमच्या वर्गातील एका मुलीने निलगिरीच्या चहाला ‘धुतलेल्या वाऱ्याचा वास’ असे लिहिले होते. त्याचा अर्थ सांगता येत नाही, पण पुढच्या वेळी तिने तो चहा त्या खुणेवरूनच ओळखला.

परीक्षा केव्हा घ्यावी यालाही महत्त्व आहे. जेवणानंतर लगेच नको, तंबाखू वा पान खाल्लेल्याने तर नकोच. रमजानात इफ्तारनंतरचा पहिला चहा आणि संकष्टीच्या उपासात दुपारचा चहा हे दोन्ही नेहमी उत्कृष्टच लागतात; त्या वेळी पूड कोणती हे पाहू नये, मुकाट्याने प्यावा.

आतापर्यंत झाली ती चव पाहणे. ओळखणे ही पुढची पायरी, आणि येथेच बहुतेकांचा अभिमान उतरतो. कप कोणी एकाने भरावेत, बुडाशी आकडे लिहावेत, आणि चाखणाऱ्याला काही सांगू नये. याची एक प्रसिद्ध कथा आहे. इंग्लंडात रॉथॅमस्टेड येथे शेतीचे संशोधन केंद्र आहे. तेथे १९२० नंतरच्या काही वर्षांत रोनल्ड फिशर हे संख्याशास्त्रज्ञ काम करीत. शेवाळांच्या अभ्यासक म्युरियल ब्रिस्टॉल यांनी एकदा सांगितले की, कपात दूध आधी घातले की चहा आधी घातला हे आपणास चवीवरून कळते. हसण्याजोगीच गोष्ट. पण फिशर यांनी ती हसण्यावारी न नेता प्रश्न असा धरला की, त्यांना खरोखर कळते की नुसते नशिबाने जुळते, हे ठरवावे कसे? १९३५ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी हा प्रयोग मांडला. तेथे त्या बाईंचे नाव नाही आणि निकालही दिलेला नाही, कारण त्यांना पद्धतच शिकवावयाची होती.

पद्धत अशी. ८ कप; ४ एका रीतीचे, ४ दुसऱ्या रीतीचे; क्रम चिठ्ठ्या टाकून ठरविलेला. चाखणाऱ्याने एका रीतीचे ४ कप निवडावयाचे. ८ मधून ४ निवडण्याचे प्रकार ७० होतात; नववी-दहावीच्या मुलाने ८×७×६×५ ला ४×३×२×१ ने भागून पाहावे. म्हणजे काहीही न कळता चारही बरोबर येण्याचा संभव ७० मध्ये १. आता गंमत पाहा. ४ पैकी ३ बरोबर आले तर आपण ‘जवळजवळ जमले’ म्हणून पाठ थोपटतो. पण निव्वळ अंदाजाने बरोबर ३ येण्याचे प्रकार १६ आहेत. ३ किंवा त्याहून बरे येण्याचे १७. म्हणजे सुमारे चारांत एकदा तर ते डोळे मिटूनही जमेल. आपल्या घरी दोन पुडींत आपल्याला खरोखर फरक कळतो काय, हे याच ८ कपांनी पाहावे. महाग पूड आणि नेहमीची पूड घेऊन बसावे, आणि निकाल लागेपर्यंत किमतीचा उल्लेख करू नये. फरक कळला नाही तर दर महिन्याचे काही रुपये वाचले. कळला आणि महाग तीच आवडली, तर निदान पैसे कशाचे देतो हे समजले.

एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे: आम्ही दुधाचा चहा पितो, मग कोऱ्या चहाची परीक्षा काय कामाची? म्हणून दुसरी फेरी दुधाची करावी. दूध एकाच पातेल्यातले, मोजून, सर्व कपांत सारखे. साखर, आले, वेलदोडा काही नाही. दुधातील केसीन हे प्रथिन चहातील तुरट द्रव्यांना धरून ठेवते, त्यामुळे तुरटपणा बोथट होतो. कोऱ्या फेरीत पहिला आलेला दार्जिलिंग येथे बहुधा गुदमरतो आणि आसाम, जो नुसता पिताना अंगावर येत होता, भरदार आणि सोनेरी होऊन पुढे येतो. दार्जिलिंगला दुधात उकळून त्याला नावे ठेवणे हा त्याच्यावर अन्याय आहे. मात्र त्याच्या भारी किमतीमुळे आसामच्या दाणेदार चहाला कमी लेखणे हा अधिक मोठा अन्याय, कारण आपल्या घराघरांतून रोज सकाळी उकळते ते त्याचेच पाणी.

पाण्याचीही एक फेरी करून पाहावी. बेळगावात पुष्कळ घरी नळ आणि विहीर दोन्ही आहेत. एकच पूड दोन्ही पाण्यांत करावी. पाणी जड असेल तर रंग मंद होतो आणि वर पातळ साय धरल्यासारखा तवंग येतो. पूड बदलल्याने जे सुधारत नाही ते कधी कधी घागर बदलल्याने सुधारते.

शेवटी रंगाबद्दल, आणि हा भाग हौसेचा नाही. रंगावरून चहा पारखण्याच्या आपल्या सवयीवर एक धंदा चालतो: वापरलेला चोथा वाळवून, रंग देऊन पुन्हा विकण्याचा. चहात वरून कोणताही रंग घालण्यास आपल्या कायद्याने मनाई आहे. घरची तपासणी सोपी आहे. गाळण कागद किंवा टीपकागद घेऊन त्यावर चिमूटभर कोरडी पूड पसरावी, थंड पाण्याचे थेंब शिंपडावेत आणि लगेच कागद नळाखाली धुऊन उजेडात पाहावा. शुद्ध चहाचा डाग लगेच पडत नाही. रंग दिलेल्या पुडीचे तांबडे-पिवळे ठिपके ताबडतोब उमटतात. फार वेळ ओला ठेवला तर चांगला चहाही तपकिरी उतरतो, तेव्हा घाईने कोणावर आळ घेऊ नये. संशय दृढ झाला तर २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्याप्रमाणे कोणाही ग्राहकास शुल्क भरून नमुना तपासून घेता येतो.

ही तपासणी वर्गात घेतली तेव्हा मुलांनी घरून पुड्या आणल्या होत्या. पुडीवर नाव नाही, आकडा फक्त. एका आकड्याचा कागद बघता बघता लाल झाला. शाळा सुटल्यावर एक मुलगा मागे थांबला. त्याच्या वडिलांचा चहाचा गाडा आहे, पूड सुटी घेतात. दोन दिवसांनी वडीलच आले. “सर, गिऱ्हाईक पहिला रंग बघतंय, चव मागनं,” ते म्हणाले. त्यात खोटे काही नव्हते. त्यांना उपदेश न करता दोन्ही पुड्यांचे कप पुढे ठेवले आणि कागद-पेन्सिल दिली. रंगीत पुडीला चव येण्यासाठी ते दुप्पट पूड आणि भरपूर आले घालीत होते; तो हिशेब त्यांनी स्वतःच मांडला. चांगली दाणेदार पूड तरीही थोडी महाग पडत होती, फरक वाटला होता तितका नव्हता. त्यांनी पूड बदलली. पहिल्या आठवड्यात काही गिऱ्हाईक शेजारच्या गाड्यावर गेले. त्यातले सगळे परत आले नाहीत. गाडा मात्र चालू आहे.

परीक्षेतून उरलेल्या पुड्या टाकून देऊ नयेत. चहा शेजारच्या वस्तूचा वास चटकन ओढून घेतो, म्हणून मसाल्याच्या डब्यापासून दूर, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात. दार्जिलिंग वेगळा ठेवून कोराच प्यावा. आसाम आणि निलगिरी एकत्र करता येतात. कंपन्याही निरनिराळ्या मळ्यांचे चहा मिसळूनच आपला पुडा भरतात. दोन भाग आसाम आणि एक भाग निलगिरी येथून सुरुवात करावी, प्रमाण बदलावयाचे तर एका वेळी एकच भाग बदलावा, आणि जे प्रमाण घरात सर्वांना पटेल ते डब्याच्या झाकणावर लिहून चिकटवावे.