चित्रफितीची संकलनसूची आणि कालसंकेत

ग्रामसभेत एखादा ग्रामस्थ म्हणतो, "या ठरावाला आमची हरकत नाही." चित्रण संकलित करताना अखेरचे दहा-बारा फ्रेम गळाले, तर "नाही" हा शब्द नाहीसा होतो आणि संमतीचा विरोध होतो. हिंगोली जिल्ह्यातील गोरेगावसारख्या गावी सभेचे चित्रण करावयाचे झाल्यास, कोणता भाग कोठून घेतला याची नोंद का हवी, हे यावरून ध्यानी येईल. या नोंदीस संकलनसूची म्हणतात. १९७१ च्या सुमारास अमेरिकेत संगणकाच्या साहाय्याने चित्रफितींचे संकलन सुरू झाले, तेव्हापासून ही पद्धत रूढ होत गेली.

सूचीचा आधार म्हणजे कालसंकेत, अर्थात टाइमकोड. तास, मिनिटे, सेकंद व फ्रेम अशा चार जोड्यांनी तो लिहितात. भारतात विजेचा पुरवठा ५० आवर्तनांचा असल्याने दूरचित्रवाणीसाठी सेकंदाला २५ फ्रेमचे प्रमाण स्वीकारण्यात आले. म्हणून फ्रेमची गणना ०० पासून २४ पर्यंत चालते आणि त्यानंतर सेकंद बदलतो.

सूचीच्या प्रत्येक ओळीत अनुक्रमांक, फितीचे नाव, चित्र की ध्वनी, जोडणीचा प्रकार आणि चार कालसंकेत असतात. पहिले दोन मूळ फितीतील आरंभ व अखेर दाखवितात. नंतरचे दोन तयार चित्रपटातील स्थान. उदाहरणार्थ:

००१, फीत २: ००:१२:१०:०५ – ००:१२:१८:१५, ०१:००:००:०० – ०१:००:०८:१०
००२, फीत २: ००:२०:०५:२० – ००:२०:११:०५, ०१:००:०८:१० – ०१:००:१३:२०

पहिल्या ओळीची अखेर आणि दुसरीचा आरंभ एकच आहे. ही चूक नव्हे. अखेरच्या संकेताचा फ्रेम तुकड्यात धरला जात नाही. दोन शेतांमधील बांध दोनदा मोजत नाहीत, तसेच हे होय. त्यामुळे अखेरीतून आरंभ वजा करताच लांबी मिळते: पहिल्या तुकड्याची ८ सेकंद १० फ्रेम. दुसऱ्या तुकड्यात ०५ मधून २० वजा होत नाहीत. म्हणून एक सेकंद उसना घेऊन २५ फ्रेम मिळवावे. उत्तर ५ सेकंद १० फ्रेम येते. येथे सवयीने १०० किंवा ६० उसने घेणे ही नेहमीची चूक होय.

अमेरिकेत सेकंदाला २९.९७ फ्रेमचे प्रमाण आहे. तेथे गणना ३० ने केल्यास तासाला १०८ क्रमांकांचा फरक पडतो. तो भरून काढण्यासाठी, दर दहावे मिनिट वगळता, प्रत्येक मिनिटाच्या आरंभीचे ०० व ०१ हे क्रमांक गाळतात. गळतात ते क्रमांक, चित्रे नव्हेत. २५ फ्रेमच्या पद्धतीत याची गरज नाही. मात्र मोबाइलवरील चित्रण बहुधा ३० फ्रेमने होत असल्याने, कोणते प्रमाण वापरावयाचे हे चित्रणापूर्वीच ठरविणे इष्ट.

प्रत्येक फितीस वा फाइलला स्वतंत्र नाव द्यावे आणि मूळ चित्रण सूचीसह जतन करावे. उद्या कोणी "माझे वाक्य तोडले" अशी तक्रार केली, तर सूचीतील ओळ पाहून मूळ फितीतील नेमक्या जागी जाता येते आणि "नाही" हा शब्द होता की नव्हता, याचा निवाडा सर्वांसमक्ष होतो. मूळ चित्रण पुसून टाकल्यास मात्र हीच सूची केवळ आकड्यांचा कागद ठरते.