नोंदवही ते माहितीचे कोठार : क्लास डायग्राम कसा मांडावा

शाळेच्या कार्यालयातील जनरल रजिस्टर हा आम्हां इतिहासाच्या अभ्यासकांच्या दृष्टीने एक प्राथमिक स्रोत होय. नाव, जन्मतारीख, जन्मगाव, धर्म, जात, प्रवेशाची व शाळा सोडल्याची तारीख एवढेच त्याचे रकाने; परंतु जात पडताळणीच्या वेळी वडिलांच्या वा आजोबांच्या नावासमोरील एक ओळ नातवाचे शिक्षण सावरते. २०१५ पासून राज्यातील शाळा ‘सरल’ प्रणालीत हीच माहिती संगणकावर भरू लागल्या. नोंद संगणकात गेली की ती सहज बदलता येते, आणि बदलताना जुनी नोंद सहज नाहीशीही होते. म्हणून अनेक वर्षांची माहिती जपून तिचा अभ्यास करावयाचा असेल, तर तिची मांडणी आधी कागदावर विचारपूर्वक करावी लागते. त्या मांडणीची रीत येथे आम्ही क्रमाने सांगत आहोत.

दोन प्रकारची साठवण

कार्यालयाचे दैनंदिन काम चालविणारी प्रणाली ‘आज काय आहे’ हे सांगते. अनेक वर्षांची माहिती एकत्र आणून तुलनेसाठी जी साठवण केली जाते, तिला डेटा वेअरहाऊस, म्हणजे माहितीचे कोठार, म्हणतात. या विषयाचे एक आद्य अभ्यासक बिल इनमन यांनी कोठाराची चार लक्षणे सांगितली : ते विषयानुसार रचलेले असते, निरनिराळ्या ठिकाणची माहिती त्यात एकजीव केलेली असते, प्रत्येक नोंदीला काळाचे भान असते आणि आत आलेली नोंद पुसली जात नाही. यांतील शेवटची दोन लक्षणे आपल्या दृष्टीने सर्वांत मोलाची आहेत.

यूएमएल ही आकृत्यांची एक प्रमाणित भाषा आहे. ग्रेडी बूच, जेम्स रम्बॉ आणि इव्हार जेकबसन यांच्या कामातून ती घडली व १९९७ मध्ये ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुप या संस्थेने ती स्वीकारली. तिच्यातील क्लास डायग्राम आपल्या उपयोगाचा आहे. येथे ‘क्लास’ म्हणजे इयत्ता नव्हे. एकाच जातीच्या वस्तूंचा साचा असा त्याचा अर्थ. तो चौकटीने दाखवितात. चौकटीच्या वरच्या कप्प्यात नाव, मधल्या कप्प्यात गुणधर्म आणि खालच्या कप्प्यात त्या वस्तूवर करावयाच्या क्रिया लिहितात. चौकटींमधील रेषा त्यांचे नाते दाखविते, आणि रेषेच्या टोकांवरील अंक कोणाचे किती, हे सांगतात.

पहिली पायरी : प्रश्न आणि एक ओळ

चौकटी काढण्यापूर्वी प्रश्न लिहावा. समजा, आपला प्रश्न असा आहे : कोणत्या तालुक्यातून आलेली मुले दहावीपर्यंत टिकतात? मग कोठारातील एक ओळ कशाची, हे ठरवावे. आपण ती ‘एक विद्यार्थी, एक शैक्षणिक वर्ष’ अशी ठरवू. या मध्यवर्ती चौकटीला ‘वार्षिक नोंद’ म्हणू व नावावर «फॅक्ट» अशी खूण करू. तिच्यात मोजता येणाऱ्या गोष्टी येतात : कामकाजाचे दिवस, हजर दिवस, वसतिगृहातील मुक्कामाचे दिवस.

उपस्थितीची टक्केवारी मात्र येथे साठवू नये. एक मुलगा २०० पैकी २०० दिवस हजर आहे. दुसरा वर्षाच्या मध्यावर आला व १०० पैकी ६० दिवस हजर राहिला. १०० आणि ६० या टक्केवाऱ्यांची सरासरी ८० येते. प्रत्यक्षात ३०० पैकी २६० दिवसांची उपस्थिती आहे, म्हणजे सुमारे ८६.७ टक्के. म्हणून दिवस साठवावेत आणि टक्केवारी शेवटी काढावी.

दुसरी पायरी : सभोवतालच्या चौकटी

वार्षिक नोंदीभोवती ‘विद्यार्थी’, ‘गाव’, ‘शैक्षणिक वर्ष’ आणि ‘इयत्ता’ अशा चौकटी मांडू. त्यांवर «डायमेन्शन» अशी खूण करू. डायमेन्शन म्हणजे मोजणी ज्या अंगाने पाहावयाची ते अंग. आकृती ताऱ्यासारखी दिसते, म्हणून अशा रचनेला तारा-रचना म्हणतात. प्रत्येक रेषेवर डायमेन्शनच्या टोकाला १ आणि वार्षिक नोंदीच्या टोकाला ०..* लिहावे. याचा अर्थ असा : एका विद्यार्थ्याच्या कितीही वार्षिक नोंदी असतील, परंतु एक नोंद एकाच विद्यार्थ्याची असेल.

अंगे निवडून मोजणी करण्याची ही दृष्टी आपल्याला परकी नाही. १९२८ साली बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने सायमन कमिशनला दिलेल्या निवेदनात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई इलाख्यातील शिक्षणाचे आकडे समाजगट आणि शिक्षणाचा टप्पा या दोन अंगांनी मांडले होते. विद्यार्थ्यांची केवळ एकूण संख्या पाहिली असती, तर कोणता समाज कोणत्या टप्प्यावर मागे राहिला हे दिसलेच नसते.

तिसरी पायरी : बदलणारी माहिती

खरी कसोटी येथे लागते. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर हा राज्याचा छत्तिसावा जिल्हा झाला. पालघर, वसई, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा आणि विक्रमगड हे आठ तालुके त्यात आले. त्यापूर्वी आमच्याकडे दाखल झालेल्या मुलाची नोंद ‘बोईसर, तालुका पालघर, जिल्हा ठाणे’ अशी आहे. संगणकात सर्वत्र ‘ठाणे’ काढून ‘पालघर’ लिहिले, तर २०१० सालच्या नोंदीत अस्तित्वात नसलेला जिल्हा येतो आणि मूळ दाखल्याशी ती जुळत नाही. काहीच बदलले नाही, तर २०१४ पूर्वी पालघर जिल्ह्यातून एकही मूल आले नाही, असे कोठार सांगेल.

यावर उपाय असा. ‘गाव’ या चौकटीत पाच गुणधर्म वाढवावेत : ओळ क्रमांक, गावाचा कायम क्रमांक, जिल्हा, ‘पासून’ आणि ‘पर्यंत’. बोईसरच्या दोन ओळी होतील. पहिलीत जिल्हा ठाणे, पर्यंत ३१ जुलै २०१४. दुसरीत जिल्हा पालघर, पासून १ ऑगस्ट २०१४, पर्यंत रिकामे. दोन्हींचा कायम क्रमांक एकच राहील. वार्षिक नोंद त्या वेळी लागू असलेल्या ओळीला जोडली जाईल. तेव्हाच्या जिल्ह्यानुसार मोजायचे असेल तर ओळ क्रमांक पाहावा. आजच्या जिल्ह्यानुसार मोजायचे असेल तर कायम क्रमांकावरून चालू ओळीकडे यावे.

हा बदल शैक्षणिक वर्ष सुरू झाल्यानंतर झाला, त्यामुळे २०१४-१५ ची नोंद कोणत्या ओळीला जोडावी, हा प्रश्न उरतो. त्यासाठी वर्षातील एक संदर्भदिन आधीच ठरवावा. यू-डायससाठी ३० सप्टेंबर हा दिवस दीर्घकाळ धरला गेला; तो घेतल्यास हे वर्ष पालघरमध्ये जाते.

मूळ माहिती लहान घटकापर्यंत जपली की काय साधते, हे जनगणनेत दिसते. २०११ साली पालघर जिल्हा नव्हता, तरी त्या वर्षीची त्याची लोकसंख्या २९,९०,११६ अशी दिली जाते. कारण तालुक्यांचे आकडे सुटे उपलब्ध होते व त्यांची बेरीज नव्याने करता आली.

कधी गावच हलते. तारापूर अणुऊर्जा प्रकल्पाच्या ३ व ४ क्रमांकांच्या संचांसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे विस्थापित होऊन त्यांचे पुनर्वसन अन्यत्र झाले. तेथेही नवी ओळ वाढवावी, जुनी राखावी. मूळ गावाचे नाव हाच त्या कुटुंबाच्या रहिवासाचा धागा असतो.

चौथी पायरी : नोंद वेगळी, नियम वेगळा

अनेक ठिकाणी ‘प्रवर्ग’ असा एकच रकाना ठेवतात. आम्हांला तो अपुरा वाटतो. अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशात केंद्रीय सवलतींसाठी बौद्धांचा समावेश नव्हता. तो १९९० च्या दुरुस्तीने झाला. एखाद्या कुटुंबाची शाळेतील नोंद १९८५ साली जी होती तीच १९९५ साली राहिली, बदलला तो नियम. म्हणून ‘विद्यार्थी’ चौकटीत धर्म आणि जात हे दोन स्वतंत्र गुणधर्म ठेवावेत आणि ‘सवलत नियम’ ही वेगळी चौकट काढून तिला ‘पासून’ व ‘पर्यंत’ या तारखा द्याव्यात. असे केले, तरच कोणत्या वर्षी कोण कोणत्या हक्काला पात्र होते, याचे उत्तर आकृतीतून मिळते.

दोन दक्षता

विश्लेषणासाठी विद्यार्थ्याचे नाव लागत नाही. कोठारात केवळ क्रमांक ठेवावा आणि नाव-क्रमांकाची यादी कार्यालयात कुलुपबंद असावी. दुसरे म्हणजे, कोठार ही अभ्यासाची प्रत आहे. कायदेशीर पुरावा मूळ रजिस्टरच राहते व त्यातील बदलासाठी रीतसर मंजुरी लागते. तेव्हा संगणकावर माहिती आली म्हणून जुनी रजिस्टरे रद्दीत जाऊ देऊ नयेत.

बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत संगणकावर काम करणाऱ्या आमच्या माजी विद्यार्थ्यांना यातील तंत्र नवे नसेल. त्यांनी आपापल्या गावच्या शाळेत, बुद्धविहारात वा वाचनालयात एक दिवस द्यावा, तेथील वह्या पाहाव्यात आणि तेथील कार्यकर्त्यांसोबत कागदावर ही आकृती काढावी. पालकांनी आपल्या पाल्याचा शाळा सोडल्याचा दाखला मूळ नोंदीशी ताडून पाहावा आणि गाव, तालुका, जिल्हा, धर्म, जात हे रकाने एकेक करून वाचावेत. तफावत आढळल्यास ती शाळेच्या कार्यालयाला आजच लेखी कळवावी. पडताळणीची वेळ येईपर्यंत थांबू नये.