घराण्याचे दफ्तर आणि वंशावळ

वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करून घराण्यांच्या दफ्तरांचे मोल दाखवून दिले. १९१० मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळात अशा कागदांना आश्रय मिळाला. तथापि वंशावळ तेवढी जपावी व किरकोळ मोडी कागद टाकून द्यावेत, ही समजूत घातक होय. वंशावळ अनेकदा वतनाच्या तंट्यात हक्क शाबीत करण्यासाठी मांडली जाई; म्हणून तीत प्रायः पुरुषांचीच नावे येतात. घरातील स्त्रिया भेटतात त्या पत्रांत आणि खर्चाच्या यादीत. शिवाय करीना व महजर यांपासून तोडलेल्या वंशावळीची सत्यता पडताळता येत नाही. यास्तव अभिलेखागाराने रुमालांतील मूळ क्रम न मोडता संपूर्ण दफ्तर स्वीकारावे. अन्यथा नावांची यादी उरेल, घराण्याचा इतिहास उरणार नाही.