उन्हातलं माजलगाव आणि पांढरी गोळी

१. माजलगावात उन्हाची कमतरता असू शकते, हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसूच आलं. आशाताई म्हणून हिंडताना आमची टाळू तापते, आणि म्हणे गरोदर बायांना व्हिटॅमिन डी कमी! मग उसाच्या फडावरून परतणाऱ्या एकीला नीट पाहिलं. पाचट कापतं म्हणून साडीवर नवऱ्याचा लांब बाह्यांचा शर्ट, डोक्या-तोंडाला रुमाल. दिवसभर उन्हात राबून उन्हाला दिसतात ते तिचे डोळे. घरात बसणारीचं तर विचारूच नका.

२. कॅल्शियम-डीची पांढरी गोळी हातात देणं आणि ती पोटात जाणं, यांच्या मधे एक अख्खी सासू उभी असते. "ह्या गोळ्यांनी पोर लई मोठं व्हतं, मग शिजर करावं लागतं." मी पाठ केलेलं म्हणून दाखवायची: चौथ्या महिन्यापासून दिवसाला दोन, बाळंतपणानंतरही ६ महिने, एका गोळीत ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम, २५० युनिट डी. सासूबाई ढिम्म. "तिळात असतं तेच आहे हो मावशी," म्हटलं तेव्हा कुठे गोळ्यांचं पाकीट पदराआड गेलं.

३. लोहाची लाल गोळी आणि ही पांढरी गोळी सवती आहेत. एका घोटात दोन्ही उरकल्या, तर कॅल्शियम लोहाला अंगी लागू देत नाही. पांढरी जेवणासोबत, लाल दोन तासांनी.

४. आईच्या दुधाबद्दल माझ्या मनात शंका नव्हती, आजही नाही. पण त्यात डी नावापुरतंच असतं, हे पचवायला मला वेळ लागला. बाळ जन्मताना जो साठा आणतं तोही आईचाच, आणि तीच रिती असली तर? म्हणून बालरोगतज्ज्ञ वर्षभर रोज ४०० युनिटचे थेंब सांगतात. सकाळच्या कोवळ्या उन्हात ऊब छान मिळते, डी बनवणारे किरण मात्र फारसे नसतात. तान्ह्याला झटके आले की घरचे 'बाहेरचं' शोधू लागतात. कारणं अनेक असतात. डी कमी पडून रक्तातलं कॅल्शियम घटणं हे त्यातलं एक, ते तपासल्याशिवाय कळत नाही. दृष्ट उतरवा, पण रिक्षात बसून उतरवा, असं मी आता सांगते.

५. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता मोजतात. पोटातल्याची मोजणी कुठेच नाही. उचल घेतलेली असते, टोळी रातोरात निघते. म्हणून दिवाळीच्या आतच गोळ्या आणि माता-बाल कार्ड पोचवायची माझी धावपळ. "तिकडं तुमच्यावानी कुणी असतंय का, ताई?" एकीनं विचारलं. असतं की, कोल्हापूरकडेही गावोगावी आशा आहेत, कार्ड दाखव म्हणाले. फडावरून गावात जायला सुट्टी कधी मिळेल, हे मात्र तिच्या मुकादमाला विचारायला हवं.