शेवटच्या ताटाचा हिशेब

दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतर हिवरखेडच्या माझ्या दवाखान्यात एक सासूबाई सुनेला घेऊन आल्या. सुनेला सहावा महिना होता. जिना चढताना दम लागतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, पायांत गोळे येतात, अशी तक्रार होती. डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली तर पांढरीफटक. रक्त तपासले, हिमोग्लोबिन ७.४ निघाले. गर्भवतीचे ते ११ च्या खाली असू नये. सातच्या खाली गेले तर प्रकरण गंभीर समजायचे. म्हणजे ही पोर कड्याच्या टोकावरच उभी होती.

मी 'रक्त कमी आहे, हिरव्या भाज्या द्या' असे म्हणताच सासूबाई म्हणाल्या, "डाक्टरसायब, वांगे तं आमी ढोराईले टाकून रायलो, अन् तुमी म्हनता सुनेच्या अंगात रगत नाही?"

प्रश्न रास्त होता. घर चौदा माणसांचे. घरामागे तीन गुंठे परस, विहिरीला पाणी. तरी सून पांढरीफटक. मी सुनेला विचारले, "बाई, काल रात्री तुम्ही काय खाल्ले?" ती सासूकडे पाहून हळूच म्हणाली, "पोयी अन् ठेचा."

वाचकहो, या दोन वाक्यांतच आजच्या लेखाचा विषय आहे. भाजी ढोरांपुढे पडते आणि सुनेच्या ताटात ठेचा असतो, हे एकाच घरात कसे घडते?

चुकले कुठे?

मी एका रविवारी त्या घरी जाऊन परस पाहिला. मृग बरसल्यावर एकाच दिवशी सगळे लावले होते. वांग्याची दीडशे झाडे, कुंपणाला दोडक्याचे पंधरा-वीस वेल, एका कोपऱ्यात अंबाडी. दीडशे वांगी बहरात आली की रोज चार-पाच किलो निघतात. घरातले पुरुष आठव्या दिवशी वांगे पाहून तोंड फिरवतात, शेजारी घ्यायला तयार नाहीत, उरले ते ढोरांना. अंबाडी पोळ्याच्या सुमारास संपली. पुढे पालेभाजी नाही. फेब्रुवारीनंतर तर परस उघडा, आठवडी बाजारातून आणावे तेवढेच.

म्हणजे जागा कमी नव्हती, कष्टही कमी नव्हते. बी किती आहे हे पाहून पेरले होते, तोंडे किती आहेत हे पाहून नव्हे. पूर्वी याने फारसे बिघडत नसे. कपाशीच्या तासांत चवळी, धुऱ्यावर अंबाडी, भेंडी असे आणि निंदणाला गेलेली बाई ओटीत तरोटा, चिवळ, तांदुळजा घेऊन येई. आता सोयाबीन आले, तणनाशक आले, आणि वावरातली ती फुकटची भाजी गेली. तिची भरपाई परसाने करायची, तर परसाला हिशेब हवा.

हा हिशेब महाराष्ट्राला नवा नाही. कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर यांनी 'प्रयोग परिवारा'च्या माध्यमातून शेतकऱ्यांना हेच सांगितले. पाच माणसांच्या कुटुंबाने दहा गुंठ्यांत, म्हणजे पाव एकरात, नीट नियोजन केले तर चांगले जगता येते, असे ते मांडत. आधी कुटुंबाची गरज मोजा, मग जमिनीकडे वळा, ही त्यातली मेख. आपण तर फक्त भाजीपुरतेच बोलतो आहोत.

आधी ताटे मोजा

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेल्या आहार-मार्गदर्शनाप्रमाणे मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे ४०० ग्रॅम भाजी हवी, त्यात १०० ग्रॅम पालेभाजी. बटाटा यात धरू नये. तो पोटभरीचा आहे, त्याची गणना धान्याबरोबर करावी.

घराची ताटे मी अशी मोजतो. मोठ्या माणसाचे एक ताट. दहा वर्षांखालील मुलाचे अर्धे. गर्भार किंवा अंगावर पाजणाऱ्या बाईचे दीड. त्या घरात मोठी माणसे दहा, त्यांत सून गर्भार, आणि मुले चार. म्हणजे साडेदहा आणि दोन, एकूण साडेबारा ताटे.

साडेबारा ताटांना दिवसाची भाजी पाच किलो, आठवड्याची पस्तीस किलो. त्यात पालेभाजी दिवसाला सव्वा किलो, आठवड्याला पावणेनऊ किलो. हे ऐकून घरातले सगळे एकमेकांकडे पाहू लागले. त्यांच्याकडे पालेभाजी आठवड्यातून एकदा, दोन जुड्या, एवढीच येत होती.

मग वाफे मोजा

पालेभाजीचे माप मी खाटेने सांगतो. सहा फूट लांब, तीन फूट रुंद, म्हणजे एक खाट टेकेल एवढा वाफा. त्यातून मेथी, पालक किंवा माठाची एक कापणी साधारण दीड किलो निघते. आठवड्याला पावणेनऊ किलो हवी, म्हणजे दर आठवड्याला सहा वाफे कापले पाहिजेत.

मेथी पेरल्यापासून चार-पाच आठवड्यांत कापायला येते. म्हणून पहिल्या आठवड्यात सहा वाफे पेरावे, दुसऱ्या आठवड्यात पुढचे सहा, असे पाच आठवडे. सहाव्या आठवड्यात पहिले सहा रिकामे झालेले असतात, ते पुन्हा पेरावे. एकूण तीस वाफे, म्हणजे ५४० चौरस फूट, जवळजवळ अर्धा गुंठा. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट. पालक तीन वेळा कापता येतो, त्यामुळे प्रत्यक्षात थोडे कमी वाफेही चालतात.

फळभाज्यांची सगळी गरज घरीच भागवायचा हट्ट नको, निम्मी भागली तरी पुष्कळ. साडेबारा ताटांसाठी माझा अंदाज असा :

वांगी : १८ ते २० झाडे. बहरात आठवड्याला तीन-साडेतीन किलो, म्हणजे दोन वेळची भाजी.

टमाटे : २५ झाडे.

भेंडी : ८० झाडे. भेंडीचे झाड एका वेळी थोडेच देते, म्हणून झाडे जास्त लागतात.

दुधी, दोडका, कारले : सगळे मिळून चार-पाच वेल.

एवढ्याला दुसरा अर्धा गुंठा लागतो. म्हणजे चौदा माणसांच्या घराला वाटा, पाट धरून सव्वा ते दीड गुंठा पुरे. त्या घराकडे याच्या दुप्पट जागा होती. फळभाज्याही एकदम लावू नयेत. निम्मी झाडे आज, निम्मी महिन्याने, म्हणजे पहिली थकतात तेव्हा दुसरी धरतात. लहान घराने आपली ताटे मोजून याच प्रमाणात आकडे कमी करावेत. जागाच नसेल तर निदान मेथीचे चार वाफे आणि एक शेवगा, एवढे तरी करावे.

बी गावच्या दुकानात मिळते. अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ पासून आहे. आपल्या भागाला कोणते वाण मानवते हे तिथे विचारून घ्यावे.

पाणी आणि उन्हाळा

अर्ध्या गुंठ्याच्या पालेभाजीला हिवाळ्यात दिवसाला दोनशे ते अडीचशे लिटर पाणी लागते. चौदा माणसांच्या आंघोळीचे पाणी जवळजवळ एवढेच भरते. ते पाटाने मुळाशी सोडावे, पानांवर शिंपडू नये. कच्चे खायचे मुळा, कोथिंबीर, टमाटे यांना मात्र विहिरीचे स्वच्छ पाणीच द्यावे. धुण्याच्या सोड्याचे पाणी वाफ्यात नको. संडासाचे पाणी तर परसाच्या जवळपासही फिरकू देऊ नये, त्यातून जंत आणि कावीळ घरात येते. जंत आतड्यात राहून रक्त पितात, म्हणजे भाजीने मिळवलेले ते गमावतात.

वऱ्हाडात एप्रिल-मे महिन्यांत पारा पंचेचाळीसच्या घरात जातो. तेव्हा मेथी-पालकाचा नाद सोडावा. वाफे निम्मे करून त्यांत तांदुळजा, चिवळ लावावी, वर जुन्या साडीची सावली करावी. बांधाला शेवग्याची दोन झाडे असली तर त्यांचा पाला उन्हाळ्यातही मिळतो. हिवाळ्यात हरभऱ्याची भाजी सावलीत वाळवून डब्यात भरावी. वाळवल्याने तिच्यातले क जीवनसत्त्व बरेच जाते, पण लोह राहते. वर लिंबू पिळले की काम झाले.

लिंबू हवे, चहा नको

पालेभाजीत लोह असते, पण शरीर त्यातले थोडेच उचलते. लिंबू, आवळा किंवा टमाटा सोबत असला तर जास्त उचलते. जेवणाला लागून चहा घेतला तर फार कमी. म्हणून जेवण आणि चहा यांत किमान तासाभराचे अंतर ठेवावे. भाजी आधी धुवावी, मग चिरावी. झाकण ठेवून थोड्या पाण्यात शिजवावी, ते पाणी फेकू नये.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. गर्भारपणात हिमोग्लोबिन एवढे खाली गेले असेल तर नुसत्या भाजीने ते भरून येत नाही. गोळ्या घ्याव्याच लागतात. सरकारी दवाखान्यात त्या मोफत मिळतात. रक्त चांगले असले तरी चौथ्या महिन्यापासून रोज एक, आणि बाळंतपणानंतरही सहा महिने, असा नियम आहे. गोळीने शौचास काळे होते, त्याला घाबरू नये. आपल्या विदर्भात सिकलसेलचे रुग्ण आहेत, तेव्हा ती तपासणीही एकदा करून घ्यावी. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणाऱ्यांनी आणि ज्यांना वारंवार खडा होतो त्यांनी पालेभाजीचे प्रमाण आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवावे.

भाजी कोणापर्यंत पोहोचते?

आता शेवटचे, पण माझ्या मते पहिले. परस कितीही पिकला तरी भाजी पातेल्यातून ताटात कशी जाते, यावर सगळे आहे. आपल्याकडे आधी पुरुष जेवतात, मग मुले, मग सासू आणि सगळ्यांत शेवटी सुना. पातेल्यात उरेल ते त्यांचे, नाही उरले तर ठेचा आहेच. यात कोणाचा दुष्टावा नसतो. ती सासूही सून असताना तशीच जेवली होती. पण ज्या बाईचे ताट मी हिशेबात दीड धरले, तिच्याच वाट्याला शून्य येत होते.

म्हणून मी त्या सासूबाईंना एकच काम सांगितले. भाजी उतरवली की आधी सुनेची वाटी भरून झाकून ठेवायची, मग पातेले बाहेर न्यायचे. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "एवळंच ना? करतो मी."

त्यांनी ते केले. सून शासकीय रुग्णालयात नियमित तपासणीला गेली, गोळ्या चुकवल्या नाहीत. सिकलसेल नव्हता. नवव्या महिन्यात हिमोग्लोबिन १०.६ झाले आणि बाळंतपण सुखरूप झाले. बाळ पावणेतीन किलोचे. याचे श्रेय मी गोळ्यांना देतो. मात्र बाळंतपणानंतर ते रक्त टिकले, याचे श्रेय तीस वाफ्यांना आणि त्या झाकलेल्या वाटीला आहे.

गेल्या महिन्यात सासूबाई रक्तदाब दाखवायला आल्या. सोबत मेथीची जुडी होती. मी विचारले, "वांगी किती लावली यंदा?" म्हणाल्या, "अठरा. ढोरं नाराज हायेत."

वाचकहो, पेरणीआधी एक कागद घ्या आणि घरातल्या माणसांची नावे त्यावर लिहा. शेवटी कोण जेवते, तिचे नाव सगळ्यांत वर लिहा. तिथून मोजायला सुरुवात करा.