रिकामे ताट, रिकामा बिछाना : थरारपटाच्या आरंभाचे नियोजन



'थरारपटाची पहिली दोन मिनिटे रचून आणा' असे सांगितले की बहुतेक गटांच्या कागदावर तीच सामग्री उतरते : अंधारा व्हरांडा, धावणारी पावले, करकरणारे दार, एक किंकाळी आणि शेवटी रक्ताने माखलेला सुरा. चित्रीकरण होते, पडद्यावर किंकाळी येते, वर्ग क्षणभर दचकतो आणि दुसऱ्याच क्षणी हसू लागतो. मेहनत करूनही असे का व्हावे? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचे उत्तर शोधून, त्यावरून दोन मिनिटांच्या आरंभदृश्याचे नियोजन कसे करावे याचा विचार करावयाचा आहे.

उत्तराची किल्ली आपल्याच भाषेत आहे. मराठीत 'काळजी' हा शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. आई मुलाची काळजी घेते, आणि मूल वेळेवर परतले नाही की तिला काळजी वाटते. पहिल्या अर्थात जिव्हाळा आहे, दुसऱ्यात चिंता आहे. आणि पहिल्यावाचून दुसरी संभवत नाही. ज्याच्याशी आपले काही नाते नाही, त्याच्या किंकाळीने आपण दचकू, परंतु त्याच्यासाठी जीव टांगणीला लागणार नाही. थरारपटाच्या आरंभाचे पहिले काम म्हणूनच जिव्हाळा निर्माण करणे हे आहे. भीती त्याच्या मागून आपोआप येते.

याचा वस्तुपाठ म्हणून एक जुना चित्रपट पाहू. फ्रिट्झ लांग या दिग्दर्शकाचा 'एम' हा जर्मन चित्रपट मे १९३१ मध्ये बर्लिन येथे प्रथम दाखविण्यात आला. लांग यांचा हा पहिला बोलपट. पटकथा त्यांनी थेआ फॉन हार्बो यांच्यासह लिहिली. शहरात लहान मुलांचे खून होत आहेत आणि खुनी सापडत नाही, असा विषय. एवढा भीषण विषय हाती असताना लांग यांनी आरंभी काय दाखविले? एका चाळवजा इमारतीच्या चौकात मुले रिंगण करून खेळत आहेत. त्यांच्या खेळातले गाणे खुन्याविषयीचे आहे, म्हणून एक बाई त्यांना रागावते. वरच्या मजल्यावर कपडे धुणारी दुसरी बाई म्हणते त्याचा आशय असा, की मुलांचा आवाज कानी येतो आहे तोवर ती जागेवर आहेत एवढे तरी कळते. या बाईची मुलगी एल्सी शाळेतून जेवायला घरी यायची आहे. घड्याळात दुपारचे बारा वाजतात. आई हात पुसते, ताट मांडते.

इकडे एल्सी रस्त्याने चेंडू खेळत येत आहे. ती चेंडू ज्या खांबावर आपटते, त्यावर खुन्याला पकडून देणाऱ्यास बक्षीस जाहीर करणारे पत्रक चिकटवलेले आहे. त्या पत्रकावर एका माणसाची सावली पडते. तो गोड आवाजात तिच्या चेंडूचे कौतुक करतो, तिचे नाव विचारतो, आंधळ्या फुगेवाल्याकडून तिला फुगा घेऊन देतो आणि ग्रीग या नॉर्वेजियन संगीतकाराची एक धून शिटीवर वाजवीत राहतो. घरी आई शेजारच्या मुलींना विचारते, घड्याळाकडे पाहते, जिन्यात येऊन हाक मारते. तिची हाक ऐकू येत असता पडद्यावर क्रमाने येतात : रिकामा जिना, कपडे वाळत घातलेला निर्मनुष्य माळा, न शिवलेले रिकामे ताट. मग गवतातून चेंडू घरंगळत बाहेर येतो आणि थांबतो. फुगा तारांत अडकून थरथरतो व निसटून जातो.

खून आपल्याला दिसत नाही. खुन्याचा चेहराही नीट दिसत नाही. तरीही पाहणाऱ्याच्या पोटात खड्डा पडतो, कारण ते ताट कोणासाठी वाढले जाणार होते हे आपल्याला ठाऊक असते. ताटावाचून रिकामा जिना हा नुसता जिना ठरला असता. येथून पहिला नियम हाती लागतो : एखादी जागा रिकामी दाखवायची असेल, तर ती कोणाची आहे हे आधी दाखवा.

दुसरा नियम माहितीच्या वाटपाचा आहे. आल्फ्रेड हिचकॉक यांनी फ्रान्स्वा त्रुफो यांना दिलेल्या प्रदीर्घ मुलाखतीत तो एका उदाहरणाने समजावला आहे. टेबलाखाली बाँब आहे हे प्रेक्षकाला माहीत नसेल, तर स्फोटाच्या वेळी त्याला काही सेकंदांचा धक्का बसेल. तेच त्याला आधी दाखविले आणि टेबलाशी बसलेली माणसे मात्र निवांत गप्पा मारीत राहिली, तर त्या साध्या गप्पांचे प्रत्येक मिनिट त्याला असह्य होईल. ऑर्सन वेल्स यांच्या 'टच ऑफ ईव्हिल' या १९५८ च्या चित्रपटाचा आरंभ असाच आहे. एक माणूस बाँबचे घड्याळ लावतो, तो एका मोटारीच्या डिकीत ठेवून पळतो, आणि पुढे तीन मिनिटांहून अधिक काळ कॅमेरा न थांबता ती मोटार, रस्त्यावरची गर्दी व पायी चालणारे एक जोडपे यांच्यासोबत फिरत राहतो. रस्ता साधाच आहे. आपल्याला जे ठाऊक आहे त्याने तो भयंकर झाला आहे.

आता हे दोन्ही नियम आपल्या परिचयाच्या जागेवर लावून पाहू. वसतिगृहात राहणाऱ्यांना हवेली किंवा स्मशान शोधण्याची गरज नाही. रोज रात्री होणारी हजेरी घ्या. कल्पना एका वाक्यात अशी : रात्रीच्या हजेरीत जागेवर नसलेल्या मुलाच्या नावाला अंधारातून कोणीतरी 'हजर, सर' म्हणते. कोणी म्हटले, आणि तो मुलगा कोठे आहे, हा प्रश्न पुढचा सारा चित्रपट ओढून नेईल. कल्पना एका वाक्यात मावत नसेल, तर ती दोन मिनिटांतही मावणार नाही, हे लक्षात ठेवा.

पहिल्या आराखड्यात बहुधा असा क्रम सुचेल : हजेरी होते, सर्व नावांना उत्तर मिळते, दिवे लागतात आणि एक बिछाना रिकामा दिसतो. हा क्रम चुकीचा नाही. शेवटी धक्का निश्चित बसेल. परंतु तोवरची हजेरी प्रेक्षक निर्विकारपणे ऐकेल. आता बिछाना आधी दाखवून पाहा. मग प्रत्येक नावासरशी प्रेक्षक त्या एका नावाची वाट पाहू लागतो. नवा शॉट एकही लागला नाही, केवळ क्रम बदलला. दोन मिनिटांची विभागणी पुढीलप्रमाणे करता येईल.

१. संध्याकाळ. मोठ्या वर्गातला मुलगा घरून आलेला डबा उघडून शेजारच्या छोट्याला चिवडा देतो. "हजेरी झाली की अपूर्णांक समजावतो," असे सांगून तो बाहेर जातो. (२५ सेकंद)

२. छोटा कागदावर चिवड्याचे दोन वाटे करतो. एक खातो, दुसरा झाकून ठेवतो. गणिताची वही उघडून बसतो. (१० सेकंद)

३. दिवे जातात. जाणाऱ्या विजेरीच्या झोतात शेजारचा बिछाना दिसतो : चादर घडी घातलेली, जागा रिकामी. (१० सेकंद)

४. हजेरी. अधीक्षकांच्या विजेरीचा उजेड फक्त रजिस्टरवर. नावे आणि अंधारातून येणारी उत्तरे. मध्ये एकदा छोट्याचा चेहरा. (३० सेकंद)

५. मोठ्याचे नाव पुकारले जाते. क्षणभर शांतता. "हजर, सर." रजिस्टरवर खूण होते. (१० सेकंद)

६. छोटा मान वळवून आवाजाच्या दिशेने पाहतो. अंधारात केवळ आकृत्या. (१५ सेकंद)

७. आता छोट्याचे नाव. एकदा, मग पुन्हा एकदा. त्याचे ओठ उघडतात. (१२ सेकंद)

८. कागदावर झाकून ठेवलेला चिवड्याचा वाटा. त्यावर चित्रपटाचे नाव. (८ सेकंद)

एकूण १२० सेकंद झाली. यातील सातवा शॉट नीट पाहा. आपल्या आराखड्यात छोट्यापुढे एक निवड येऊन उभी राहिली आहे : सत्य सांगावे की 'हजर, सर' म्हणून गप्प बसावे? सांगितले तर मित्र अडचणीत येईल. न सांगितले तर कदाचित मित्र हातचा जाईल. ज्या आरंभाने पात्राला अशा पेचात उभे केले, त्याला किंकाळीची उणीव भासत नाही.

कागदावरचा आराखडा मग चित्रांत उतरवावा. सत्यजित राय उत्तम चित्रकार होते. 'पथेर पांचाली'साठी त्यांनी दृश्यांच्या रेखाचित्रांची वहीच तयार केली होती. तुमची चित्रकला बेताची असली तरी चालेल. प्रत्येक शॉटसाठी एक चौकट आखा, माणसांच्या जागी काड्या काढा, आणि चौकटीखाली तीन गोष्टी लिहा : कॅमेरा कोठे आहे, आवाज कोणता आहे, सेकंद किती. छोटा आणि बिछाना यांच्यामध्ये एक काल्पनिक रेषा धरून कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवा. ती ओलांडली की डावीकडे पाहणारा मुलगा पुढच्या शॉटमध्ये उजवीकडे पाहू लागतो आणि प्रेक्षकाचा दिशाबोध बिघडतो.

काळोख दाखविण्यासाठीही उजेड लागतो, हे नवशिक्यांना उशिरा उमगते. मोबाइलचा कॅमेरा अंधारात आपणहून उजळपणा वाढवतो आणि चित्र दाणेदार होते. म्हणून विजेरीचा झोत पांढऱ्या पुठ्ठ्यावर पाडून त्याचा परतलेला मंद प्रकाश चेहऱ्यावर घ्यावा व कॅमेऱ्याचा उजळपणा कुलूपबंद करावा. आपल्याकडील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने काही दिव्यांखाली चित्र लुकलुकते. सोय असेल तर सेकंदाला २५ चौकटी व शटर १/५० ठेवावे. हजेरीचे आवाज दुसऱ्या मोबाइलवर जवळून स्वतंत्र मुद्रित करावेत. त्याच खोलीची अर्ध्या मिनिटाची शांतताही मुद्रित करा. पाचव्या शॉटमधील 'क्षणभर शांतता' संकलनात पूर्ण निःशब्द ठेवली तर ध्वनी बंद पडल्यासारखे वाटेल. तेथे खोलीचा श्वास हवा. श्रेयनामावलीसाठीही वेगळी सजावट नको. हजेरीच्या रजिस्टरवरच तुमची नावे एकाखाली एक येऊ द्या.

आता एका जबाबदारीविषयी. थरारपटाचा आरंभ नेहमी कोणाकडे तरी बोट दाखवितो. घाईत लिहिणाऱ्याचे बोट ठरावीक माणसांकडे वळते : रात्रीचा पहारेकरी, स्वयंपाकी, परगावचा मजूर, मनोरुग्ण, चेहऱ्यावर व्रण असलेला कोणी. पडद्यावर पाहिलेला हा संशय प्रेक्षक घरी घेऊन जातो, आणि दुसऱ्या दिवशी तोच पहारेकरी फाटकाशी त्याला भेटतो. 'एम'मध्ये याचेही भान आहे. लहान मुलीला वेळ सांगणाऱ्या एका निरुपद्रवी वृद्धाभोवती जमाव गोळा होतो आणि त्यालाच खुनी ठरवू पाहतो, तर खरा खुनी चारचौघांसारखा दिसणारा माणूस असतो. तुमच्या कथेत अंधारातून 'हजर, सर' कोण म्हणाले हे ठरविताना, सर्वांत सोपा संशयित आधी खोडून टाका. कथा त्याने अधिक सरस होईल आणि कोणावर अन्यायही होणार नाही.

हीच काळजी चित्रीकरणातही हवी. छोट्याची भूमिका करणाऱ्या मुलाला संपूर्ण गोष्ट आधी सांगा. खरी भीती चेहऱ्यावर यावी म्हणून त्याला अंधारात एकटे सोडणे हा अभिनय नव्हे, तो छळ आहे. अधीक्षकांची परवानगी घ्या आणि चित्रीकरणाची रात्र सर्व खोल्यांना कळवा, म्हणजे कोणी खरोखरच घाबरणार नाही.

शेवटी परीक्षा. संकलन झाल्यावर चित्रीकरणात नसलेल्या पाच जणांना बसवून दोन मिनिटे दाखवा. 'कसे वाटले?' असे विचारू नका. मित्र चांगलेच म्हणतील. तीनच प्रश्न विचारा : तुम्हाला कोणाची काळजी वाटली? तुम्हाला नेमके काय कळले? पुढे काय जाणून घ्यावेसे वाटते? पहिल्या प्रश्नाला उत्तर आले नाही, तर विजेरी आणि अंधार यांत फेरफार करीत बसू नका. पहिल्या शॉटकडे परत जा आणि डबा उघडणाऱ्या त्या मुलाला आणखी पाच सेकंद द्या. ती पाच सेकंदे बहुधा हजेरीच्या शॉटमधून काढता येतील.