मन्याच्या साखरेचा ग्राफ

मित्रांनो, मांजराला गोड चव कळत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे का? गोड ओळखण्यासाठी जिभेवर जो रिसेप्टर लागतो, त्याचा एक जीन मांजराच्या जातीत निकामी झालेला आहे. फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २००५ साली हे दाखवून दिले. म्हणजे साखर आणि खडू, मांजराला दोन्ही सारखेच! आणि तरीही या प्राण्याला मधुमेह होतो. अगदी आपल्या आजी-आजोबांना होतो तसा, इन्सुलिनचे इंजेक्शन लागणारा.

मी इन्स्ट्रुमेंटेशनचा विद्यार्थी, डॉक्टर नव्हे. पण खांदेश्वरला राहणाऱ्या माझ्या मावशीच्या मन्या नावाच्या बोक्याला मधुमेह निघाला, आणि त्याच्या अंगावर माणसांसाठी बनवलेला ग्लुकोज सेन्सर लावायची वेळ आली. सॅम्पलिंग, कॅलिब्रेशन, टाइम लॅग, रेंज हे शब्द आपण व्हायवापुरते पाठ करतो. एका जिवाचा डोस त्यांच्यावर ठरताना पाहिला, तेव्हा ते खरे समजले. तेच इथे मांडतो आहे.

मांजराला मधुमेह कसा होतो?

मांजरांमधला मधुमेह बहुतेक वेळा आपल्या टाइप-२ सारखा असतो. स्वादुपिंड इन्सुलिन तयार करते, पण ते पुरत नाही आणि शरीर त्याला नीट दादही देत नाही. वय वाढलेला, नसबंदी केलेला, घरातच बसून लठ्ठ झालेला बोका हा या रोगाचा ठरलेला गिऱ्हाईक. मन्या दहा वर्षांचा, साडेसहा किलोचा. वाघाची मावशी म्हणवणारी ही जात पक्की मांसाहारी, आणि आपण तिला वाढतो दूध-पोळी, भात, वर चहातले बिस्कीट! पिष्टमय पदार्थ पचवण्यासाठी मांजराचे यकृत मुळात घडलेले नाही. म्हणूनच मधुमेही मांजराला प्रथिने जास्त आणि पिष्ट कमी असे खाणे देतात.

लक्षणे सोपी आहेत. पाणी फार पिणे, लघवी फार होणे, भूक असूनही वजन उतरणे. काही मांजरे मागच्या पायांचे घोटे टेकवून चालू लागतात. मावशीला मात्र पहिल्यांदा दिसल्या त्या मुंग्या! मन्याच्या रेतीच्या ट्रेभोवती रांग लागलेली. आपल्या जुन्या वैद्यांनीही मधुमेहाची हीच खूण सांगितली आहे. मांजराच्या रक्तातली साखर साधारण २७० च्या वर गेली की ती लघवीत उतरू लागते. (या लेखातले साखरेचे सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलीटरमध्ये आहेत.) माणसात हीच हद्द सुमारे १८० असते.

दवाखान्यातला आकडा का फसवतो?

मन्याला ग्लार्जिन नावाचे इन्सुलिन सुरू झाले, दर बारा तासांनी दोन युनिट. हे औषधही मजेशीर आहे. बाटलीत ते आम्ल द्रावणात विरघळलेले असते, पीएच सुमारे ४. कातडीखाली गेले की पीएच बदलतो, त्याचे बारीक कण साचतात आणि मग ते सावकाश विरघळत राहतात.

महिन्याभराने तपासणीला नेले. रीडिंग आले ३६८. कुणीही म्हणेल, साखर उतरत नाही, डोस वाढवा! पण मन्याने तोवर काय काय सोसले होते बघा. बास्केटमध्ये कोंबणे, रिक्षाचे धक्के, शेजारच्या बाकावर भुंकणारा कुत्रा आणि मग सुई. भेदरलेल्या मांजराच्या अंगात ॲड्रेनालिन उसळते आणि यकृत साठवलेली साखर रक्तात सोडते. मधुमेह नसलेल्या निरोगी मांजराची साखरसुद्धा अशा वेळी ३०० पार जाऊ शकते. मोजमाप करायला गेलो आणि मोजण्यामुळेच राशी बदलली! आपल्या भाषेत ‘लोडिंग इफेक्ट’ म्हणतात तो हाच.

यावर एक उपाय म्हणजे फ्रुक्टोसामिनची रक्ततपासणी. तिच्यातून मागच्या साधारण एक-दोन आठवड्यांची सरासरी कळते आणि त्या दिवसाच्या भीतीचा तिच्यावर परिणाम होत नाही. पण सरासरी ती सरासरीच. सेमिस्टरचा ॲव्हरेज चांगला असला तरी एका विषयात केटी लागू शकते, हे हॉस्टेलवाल्यांना वेगळे सांगायला नको. मन्याची केटी कुठे होती, तर रात्री तीन वाजता.

दुसरा उपाय, दर दोन तासांनी रक्त काढून बारा तासांचा ग्राफ काढायचा. म्हणजे सात टोचण्या आणि सात बिंदू. दोन बिंदूंच्या मध्ये साखर खोल जाऊन परत वर आली, तर कागदावर त्याचा मागमूस राहत नाही. सिग्नल्सच्या तासाला आपण जे शिकतो, की सिग्नल ज्या वेगाने बदलतो त्याच्या मानाने सॅम्पल पुरेसे दाट हवेत, ते इथे अक्षरशः लागू पडते. म्हणूनच डॉक्टर म्हणाले, "डोसला हात लावण्याआधी सेन्सर लावू."

सेन्सरच्या आत काय असते?

या सगळ्याची सुरुवात १९६२ साली झाली. अमेरिकेतल्या लेलँड क्लार्क यांनी इलेक्ट्रोडवर ग्लुकोज ऑक्सिडेज हे एन्झाइम बसवून साखर मोजायची कल्पना मांडली. एन्झाइम फक्त ग्लुकोजलाच धरते, त्याचे ऑक्सिडेशन करते, आणि त्यातून निघालेल्या इलेक्ट्रॉन्सचा करंट साखरेच्या प्रमाणात असतो. साखरेचे विजेत रूपांतर, एवढीच गोम.

२०१४ मध्ये युरोपात ॲबट कंपनीचा फ्रीस्टाइल लिब्रे आला. मोठ्या नाण्याएवढी चकती, तिच्यातून निघणारा सुमारे ५ मिलिमीटर लांब आणि ०.४ मिलिमीटर जाड तंतू कातडीखाली राहतो. तो रक्तात नसतो, पेशींभोवतीच्या द्रवात असतो. त्या मूळ प्रकारात दर १५ मिनिटांचे एक रीडिंग चकतीत साठत असे, म्हणजे दिवसाला ९६ आणि चौदा दिवसांत १,३४४! फोन किंवा रीडर जवळ नेऊन स्कॅन केले की ते मिळते. नंतरच्या मॉडेलांत ब्लूटूथ आले. यंत्र माणसांसाठी बनवलेले, पण पशुवैद्यकांनी ते लगेच उचलले. इटलीतल्या बोलोन्या विद्यापीठात कुत्र्यांवर केलेला अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला, मग मांजरांवरही अभ्यास झाले.

मन्याचा सेन्सर स्कॅन करायच्या प्रकारातला होता. त्यात आठ तासांचाच डेटा राहतो, उशीर केलात तर जुना पुसला जातो. म्हणून आमचे वेळापत्रक ठरले. रात्री अकराला शेवटचा स्कॅन, सकाळी सातच्या आत पहिला. शनिवार-रविवार मी, बाकी दिवस मावशी. सबमिशनच्या आठवड्यातसुद्धा एवढ्या शिस्तीत मी कधी जर्नल लिहिले नसेल!

बसवायचा कसा?

हे काम दवाखान्यातच करून घ्यावे. मानेमागे किंवा छातीच्या बाजूला छोटा चौकोन भादरतात, स्पिरिटने पुसून पूर्ण वाळू देतात, चकतीच्या कडेला कातडी चिकटवायच्या गोंदाचे एक-दोन थेंब लावतात आणि ॲप्लिकेटर दाबून धरतात. बहुतेक मांजरांना त्याचे विशेष काही वाटत नाही. सुरू केल्यावर पहिला तासभर रीडिंग मिळत नाही, सेन्सरला स्थिरावायला तेवढा वेळ लागतो.

मावशीने संरक्षणासाठी एका बाळाचे झबले आणले. ते घातल्यावर मन्या शवासनात गेला तो हलेचना. शेवटी झबले काढले. कागदावर आयुष्य चौदा दिवसांचे असले तरी मांजरांवरून सेन्सर त्याआधीच निघून पडणे नेहमीचे आहे. मन्याचा नऊ दिवस टिकला. एका सेन्सरला काही हजार रुपये पडतात, त्यामुळे हा हिशोब आधीच धरून चालावे.

ग्राफने काय सांगितले?

सकाळ-संध्याकाळ इंजेक्शनच्या वेळी साखर २४० च्या आसपास. दुपारी उतरून १२०. इथवर सगळे ठीक. पण दुसऱ्या रात्री ३ वाजून १५ मिनिटांनी ५८, तिसऱ्या रात्री ६१, चौथ्या रात्री पुन्हा ५८. मन्या रात्री काही खात नव्हता आणि इन्सुलिन आपले काम करत होते. सगळे घर झोपेत, त्यामुळे कुणाला पत्ताच नाही.

मित्रांनो, इथे थोडे थांबू या. साखर ३०० असलेले मांजर आज मरत नाही. साखर ३० वर गेलेले मांजर सकाळपर्यंत राहीलच असे नाही. ६० च्या खाली धोका सुरू होतो. आधी सुस्ती, मग झोकांड्या, मग झटके. दवाखान्यातल्या ३६८ वर विसंबून कुणी डोस वाढवला असता, तर पहाटे तीनला काय झाले असते ते सांगायला ज्योतिषी नको. डॉक्टरांनी ग्राफ पाहिला आणि डोस दोनवरून एक युनिट केला. रात्री झोपण्यापूर्वी थोडे खाणे सुरू झाले. पुढच्या सेन्सरमध्ये रेघ ११० ते २४० च्या पट्ट्यात राहिली.

आणखी एक गोष्ट. योग्य आहार आणि इन्सुलिन मिळाले की काही मांजरांचे स्वादुपिंड सावरते आणि इन्सुलिन बंदसुद्धा करता येते. ही आनंदाचीच बातमी, पण गरज कमी होत असताना डोस तोच राहिला तर तीच जिवावर बेतते. ग्राफ हे वेळेवर दाखवतो.

ग्राफवरही डोळे मिटून विश्वास नको

पहिली गोष्ट, लॅग. कातडीखालचा द्रव रक्ताच्या मागून चालतो, काही मिनिटांनी, आणि साखर झपाट्याने बदलत असेल तर अर्ध्या तासापर्यंतही. म्हणजे रेघ वेगाने उतरत असेल तेव्हा रक्तातली साखर दिसते त्याहूनही खाली असू शकते.

दुसरी, रेंज. मूळ लिब्रे ४० ते ५०० एवढेच आकडे दाखवतो, त्यापलीकडे नुसते ‘हाय’ किंवा ‘लो’. शिवाय खालच्या टोकाला अचूकता कमी होते, आणि नेमके तिथेच आपल्याला ती हवी असते. मांजर चकतीवर दाब देऊन झोपले तरी रीडिंग खोटे उतरू शकते. म्हणून कमी आकडा दिसला की कानाच्या कडेला टोचून रक्ताचा थेंब तपासायचा. मन्याचे ५८ सुद्धा चौथ्या रात्री जागून, असेच पडताळले.

तिसरी, हे पडताळणारे ग्लुकोमीटर. माणसाच्या रक्तातल्या ग्लुकोजपैकी सुमारे ५८ टक्के प्लाझ्मात आणि ४२ टक्के तांबड्या पेशींत असते. मांजरात हेच प्रमाण ९३ आणि ७! माणसांचे मीटर माणसाच्या प्रमाणावर कॅलिब्रेट केलेले, त्यामुळे ते मांजराची साखर बहुधा खऱ्यापेक्षा कमी दाखवते. प्राण्यांसाठी वेगळे मीटर मिळतात. ते नसेल तर निदान हा फरक डॉक्टरांना विचारून ठेवावा.

चौथी, सेन्सर फक्त ग्लुकोज पाहतो. कीटोन त्याला दिसत नाहीत. मांजर खात नसेल, उलट्या करत असेल, तर ग्राफ कितीही सुंदर असो, दवाखाना गाठायचा.

आणि सिरिंज!

सेन्सर कितीही चांगला असला तरी औषध हातानेच भरायचे असते. आपल्याकडे दोन प्रकारच्या इन्सुलिन सिरिंज मिळतात. लाल टोपीची ४० युनिट प्रति मिलिलीटरच्या इन्सुलिनसाठी, नारिंगी टोपीची १०० च्या. ग्लार्जिन सहसा १०० चे असते. त्यातले एक युनिट म्हणजे ०.०१ मिलिलीटर. तेच लाल टोपीच्या सिरिंजमध्ये ‘१’ च्या रेघेपर्यंत भरले, तर जातात ०.०२५ मिलिलीटर, म्हणजे अडीच युनिट! अडीचपट डोस, तोही सहा किलोच्या जिवाला. मावशीच्या फ्रिजवर हे मोठ्या अक्षरात लिहून चिकटवले आहे. शेजारी मधाची बाटली. मांजर झोकांड्या खाऊ लागले तर मध हिरड्यांवर चोळायचा, बेशुद्धीत तोंडात ओतायचा नाही, आणि लगेच डॉक्टरांना फोन.

थोडक्यात काय, तर...

आपल्या भागात खांदा कॉलनी, कामोठे, पनवेलकडे प्राण्यांचे दवाखाने आहेत. अवघड केस असेल तर हार्बरने कुर्ला आणि तिथून परळ. तिथे बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आहे, आणि १८८६ पासूनचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयही मुंबईतच आहे. मेसच्या मागे फिरणाऱ्या मांजरांपैकी एखादे सारखे पाणी पीत असेल, वाळत चालले असेल, तर दुर्लक्ष करू नका. आणि कृपा करून त्यांना बिस्किटे घालू नका.

हाच सेन्सर आपल्या घरातल्या माणसांनाही लावतात, म्हणून सगळ्यांसाठी एक गोष्ट सांगून थांबतो. एकटे रीडिंग म्हणजे माहिती नव्हे. ते कधी घेतले, कशाने घेतले, घेताना काय चालले होते आणि त्याच्या आधी-नंतर काय होते, हे कळले तरच त्यावरून डोस ठरवावा. आणि तो ठरवायचा डॉक्टरांनी. आपले काम त्यांच्यापुढे खरा ग्राफ ठेवायचे, आणि मधूनमधून फोनवरची नजर काढून मांजराकडे बघायचे.